मायफळाचे भोक

मागील अंकात बाळगुटीच्या जिनसांची ओळख करून देताना ‘मायफळ हे फळ नव्हे, ती एका कीटकाने झाडाकडून करवून घेतलेली गाठ आहे’ एवढे एकच वाक्य लिहून मी मुरडशेंगेकडे वळलो होतो. वाचकांना ते वाक्य पुरेसे वाटलेले दिसत नाही, कारण आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्याच्याविषयी आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. शास्त्रीय लेखनात अशा गाठीला ‘गॉल’ म्हणतात. मी ‘गाठ’ हाच शब्द ठेवतो आणि ती करवून घेणाऱ्या कीटकाला सोयीसाठी ‘गाठमाशी’ म्हणतो. नावात माशी असली तरी घरातल्या माशीशी तिचे नाते दूरचे आहे. ती मधमाशी, मुंगी आणि गांधीलमाशी यांच्या गणातली आहे, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यात या नात्याला महत्त्व आहे.

प्रश्न : नातवासाठी आणलेल्या बाळगुटीच्या सामानात मायफळाला सुईने पाडावे तसे एक गोल भोक होते. ते किडलेले समजून टाकून द्यावे काय? आणि मायफळ हे फळ नसेल, तर ते नेमके काय आहे? (एक आजी, सातारा)

उत्तर : ते भोक बाहेरून आत गेलेले नसून आतून बाहेर आलेले आहे, म्हणून किडलेल्या धान्याचा न्याय त्याला लावता येत नाही. मायफळ अडकित्त्याने मधोमध फोडलेत, तर गाभ्यात मिरीच्या दाण्याएवढी एक पोकळ खोली दिसेल आणि तिच्यापासून पृष्ठभागापर्यंत आलेला एक बोगदा दिसेल. त्या खोलीत एक अळी वाढली, तिथेच तिचा कोष झाला, आणि पंख फुटल्यावर तिने जबड्याने भिंत कुरतडून वाट काढली. मायफळाच्या दृष्टीने ती उपरी नव्हे, घरमालकीण आहे. तिच्याविना मायफळ झालेच नसते.

हे ज्या झाडावर लागते तो ओकचा एक ठेंगणा, जवळजवळ झुडूप म्हणावा असा प्रकार आहे आणि तो तुर्कस्तान, सीरिया, इराण, ग्रीस या प्रदेशांतील डोंगरउतारांवर वाढतो. सह्याद्रीत ओक नाही. हिमालयात आहेत, आणि उत्तराखंडात फिरून आलेल्यांना त्यांतला बांज आठवत असेल. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या सहाणेवर उगाळले गेलेले मायफळ हे मूळचे परदेशी, वाण्याच्या दुकानातून घरात आलेले आहे. त्याचे फळही आपण पाहिले नाही आणि झाडही पाहिले नाही, म्हणून ‘फळ’ हे नाव खपून गेले. ओकला खरे फळ वेगळे असते. ते टोपी घातलेल्या लांबट सुपारीसारखे दिसते. मायफळ मात्र फांदीवरच्या कळीच्या जागी तयार होते, आणि का, ते पुढील उत्तरांत येईल. ते करविणाऱ्या गाठमाशीचे शास्त्रीय नाव अँड्रिकस गॅलीटिंक्टोरी असे असून त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘रंगाऱ्यांच्या गाठीची’ असा होतो. रंगारी तर या गाठी वापरीतच. शिवाय या गाठींचा काढा, हिराकस आणि डिंक एकत्र करून केलेल्या काळ्या शाईने युरोपातील कित्येक शतकांची दप्तरे लिहिली गेली आहेत.

या सगळ्या उपयोगांचे मूळ गाठीत भरपूर असलेल्या टॅनिन या तुरट द्रव्यात आहे. कीटक बाहेर पडण्यापूर्वी तोडलेली गाठ काळपट, जड आणि जास्त तुरट असते, तर बाहेर पडल्यानंतरची फिकट, हलकी आणि कमी तुरट असते. म्हणून व्यापारी पहिल्या प्रकाराला अधिक दर देत असत. आता यातली गंमत पाहावी. भोक नसलेले मायफळ निवडून घेणारा ग्राहक ते ‘बिनकिडीचे’ म्हणून घेतो, पण त्यातला कीटक आतच वाळून गेलेला असतो. भोक असलेल्यात मात्र तो नसतो. बाळगुटी द्यावी की नाही हा या सदराचा विषय नाही. तरी पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा आजचा सल्ला आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

प्रश्न : दोन-चार मिलिमीटरचा कीटक झाडाच्या कडक कळीत अंडे कसे घालू शकतो? केसासारखी सुई लाकडात खुपसली तर ती वाकायला हवी. शिवाय सुईच्या नळीपेक्षा अंडे जाड असेल, तर ते तीतून जाते कसे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : प्रश्न चांगला आहे, कारण अडचण नेमकी हीच आहे. केसाइतकी बारीक सुई मागून जोर देऊन टणक वस्तूत ढकलली, तर ती आत शिरण्यापूर्वी वाकते. गाठमाशीने ही अडचण ढकलणेच टाळून सोडविली आहे.

तिची सुई, जिला अंडनिक्षेपक म्हणतात, एकसंध नाही. ती तीन लांब पट्ट्यांची बनलेली असते. एक वरची, आणि तिच्या खाली बाजूबाजूने दोन. वरच्या पट्टीला खालच्या अंगाने दोन उंच कडा असतात आणि खालच्या पट्ट्यांच्या खाचा त्या कडांवर अशा घट्ट बसतात, की सरकत्या दाराप्रमाणे पट्ट्या मागेपुढे होऊ शकतात, पण एकमेकींपासून सुटू शकत नाहीत. टोकाशी बारीक दाते असतात. गाठमाशी खालची एक पट्टी किंचित पुढे सरकविते, तिचे दाते आतल्या भागात रुततात, आणि त्या आधारावर दुसरी पट्टी पुढे जाते. मग दुसरी रुतते आणि पहिली पुढे जाते. माडावर चढणारा पाडेली आळीपाळीने हातांची आणि पायांची पकड घेत वर जातो, त्याला खालून कोणी ढकलावे लागत नाही, तसेच हे आहे. प्रत्येक वेळी सुईचा अगदी छोटा तुकडाच पुढे जात असल्याने तिला वाकायला वावच मिळत नाही.

ही सुई एरवी दिसत नाही. गाठमाशीचे पोट दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असते आणि सुई त्याच्या आत घड्याळाच्या कमानीसारखी वळवून ठेवलेली असते. त्यामुळे पोटाच्या लांबीपेक्षा जास्त लांब सुई तिला बाळगता येते, आणि कळीची बाहेरची सगळी खवले ओलांडून आतल्या कोवळ्या भागापर्यंत पोचायचे, तर एवढी लांबी लागतेच.

आता अंडे. कोंबडीच्या अंड्याचे चित्र मनातून काढून टाकावे. गाठमाशीच्या अंड्याला कवच टणक नसते, त्याची त्वचा लवचिक असते, आणि अंड्याच्या एका टोकाला अंड्याहून कितीतरी पट लांब असा देठ असतो. लांबट फुग्यात थोडे पाणी भरून तो मुठीत धरावा आणि एका बाजूने दाबावा. पाणी दुसऱ्या बाजूला जाते आणि दाबलेला भाग दोरीसारखा बारीक होतो. अंडे सुईच्या पोकळीत शिरते तेव्हा त्यातला द्रव असाच सरकतो, अंडे ताणले जाऊन धाग्यासारखे होते, आणि पलीकडे पोचल्यावर द्रव पुन्हा एकत्र येऊन त्याला गोलाई प्राप्त होते. सुईच्या आतल्या भिंतीवर एकाच दिशेला वळलेली अतिसूक्ष्म खवले असतात. पट्ट्या मागेपुढे सरकत असताना ती अंड्याला पुढेच जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. म्हणजे भोक पाडणारी हालचाल आणि अंडे पुढे नेणारी हालचाल एकच आहे. एका हालचालीत दोन कामे करणारी अशी अवजारे माणसाच्या कारखान्यातही फार नाहीत.

माझ्या मते यातील खरे कौशल्य मात्र सुईत नाही, जागेच्या निवडीत आहे. गाठमाशी कळीवर उतरल्यावर लगेच सुई काढत नाही. आधी मिशांनी कळी चाचपते, फिरते, पुष्कळदा सोडून दुसरीवर जाते. तिला वाढ पूर्ण झालेला भाग नको असतो. जिथल्या पेशींना अजून पान व्हायचे आहे, फूल व्हायचे आहे, डहाळी व्हायचे आहे, तो भाग हवा असतो. कळीत मिटून बसलेल्या त्या इवल्याशा पानांच्या पृष्ठभागावर किंवा त्यांच्यामध्ये अंडे ठेवले जाते आणि देठ पुष्कळदा सुईने केलेल्या वाटेतच मागे राहतो. पूर्ण वाढलेल्या जून पानाच्या पेशींना नवे काही करायला सांगता येत नाही. अंड्याचे स्थान थोडे चुकले किंवा दिवस चुकले, तर अंडे असते, अळीही निघते, पण घर होत नाही.

प्रश्न : गांधीलमाशी चावली की सूज येते. तशीच ही गाठ म्हणजे झाडाला आलेली सूज समजावी काय? आई अंड्याबरोबर विष सोडत असावी, असे आमचे शिक्षक सांगत. (निवृत्त तलाठी, बीड)

उत्तर : आपल्या शिक्षकांचे मत निराधार नव्हते. दोनशे वर्षे युरोपातील विद्वानांचेही तेच मत होते. किंबहुना त्याआधीचे मत याहूनही चमत्कारिक होते. फ्रान्सेस्को रेदी या इटालियन वैद्याने १६६८ मध्ये मांसाचे तुकडे उघड्या आणि झाकलेल्या भांड्यांत ठेवून दाखवून दिले, की माश्यांना बसू दिले नाही तर मांसात अळ्या पडत नाहीत. सडक्या पदार्थातून जीव आपोआप निर्माण होतो, या समजुतीला हा मोठा धक्का होता. पण हेच रेदी ओकच्या गाठीपाशी अडले. चोहोबाजूंनी बंद, कुठेही छिद्र नाही, आणि फोडली तर आत अळी! तेव्हा झाडातील जीवशक्तीच ती अळी निर्माण करीत असावी, असे त्यांनी मानले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अंडे ठेवल्याची जखम भरून येते आणि गाठ त्यानंतर पुष्कळ काळाने वाढते, म्हणून गाठीवर प्रवेशाची खूण शोधणाऱ्याला ती सापडतच नाही.

१६७९ मध्ये मार्चेल्लो माल्पीगी यांनी वनस्पतींच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात गाठींना एक स्वतंत्र प्रकरण दिले. ओकच्या कळीवर बसून सुई आत घालणारी गाठमाशी त्यांनी स्वतः पाहिली, कळी उघडून अंडी पाहिली, आणि गाठ ही आईने सोडलेल्या द्रवाने होते, असा निष्कर्ष काढला. निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष ओकच्या गाठमाश्यांना लागू पडला नाही. हे दाखविण्याचे काम १८८२ मध्ये मार्टिनुस बायरिंक या डच शास्त्रज्ञाने केले. तंबाखूच्या पानांवरील रोगाचा अभ्यास करून विषाणूची कल्पना १८९८ मध्ये मांडणारे बायरिंक ते हेच. सूक्ष्मजीवांकडे वळण्यापूर्वी ते गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना असे दिसले की अंडे ठेवल्यानंतर झाड सांगण्यासारखे काही करीत नाही. हालचाल सुरू होते ती अळी तयार होऊन अंड्यातून बाहेर येऊ लागते तेव्हा.

त्यापुढचा क्रम असा. अळीला लागून असलेल्या काही पेशी विरघळतात आणि ती त्या खळग्यात थोडी आत जाते. आजूबाजूच्या पेशी भराभर विभागून तिच्याभोवती वर येतात आणि शेवटी तिच्या डोक्यावर मिटतात. म्हणजे अळी झाडात शिरत नाही, झाडच तिला आत घेऊन दार लावते. मग खोलीच्या आतल्या अंगाला प्रथिने आणि शर्करा यांनी भरलेल्या पेशींचा थर तयार होतो. अळी तो खाते आणि तो पुन्हा भरून येतो. बाहेरच्या अंगाला टॅनिनयुक्त किंवा कठीण थर येतात. अन्न आत आणि तटबंदी बाहेर, अशी ही व्यवस्था असते. स्वच्छतेचा प्रश्नही सुटलेला आहे. गाठमाशीच्या अळीच्या अन्ननलिकेचा मागचा भाग वाढ पूर्ण होईपर्यंत बंदच असतो, त्यामुळे राहत्या खोलीत घाण होत नाही. जे काही टाकायचे ते कोषावस्थेच्या तोंडाशी एकदाच टाकले जाते.

आता ‘सूज’ या शब्दाविषयी. सुजेला ठरलेला आकार नसतो. एकाच ओकच्या एकाच पानावर दोन जातींच्या गाठमाश्यांच्या गाठी असतील, तर एक बोराएवढी गुळगुळीत आणि दुसरी बटणासारखी चपटी असू शकते, आणि त्याच दोन जाती दुसऱ्या झाडावर गेल्या तरी आपापला आकार सोडत नाहीत. साहित्य झाडाचे आणि नकाशा अळीचा, असा तो व्यवहार आहे. म्हणून मी त्याला सूज म्हणणार नाही.

एक अपवाद मात्र आपल्या शिक्षकांच्या बाजूने नोंदविला पाहिजे. विलो या झाडाच्या पानांत अंडी घालणारे करवतमाशीच्या जातीतले काही कीटक आहेत. त्यांच्या बाबतीत आईने अंड्याबरोबर सोडलेला द्रवच गाठ सुरू करतो, आणि आतले अंडे मेले तरी गाठ काही अंशी वाढते. आई विष सोडते ही गोष्ट त्यांच्यापुरती खरी आहे.

प्रश्न : या माश्या माणसाला चावतात काय? (सोलापूर)

उत्तर : नाही. मधमाशीची नांगी म्हणजे मुळात अंडे घालण्याची सुईच असून पुढे ती विष टोचण्यासाठी बदलली, आणि म्हणूनच नर मधमाशीला नांगी नसते. गाठमाशीची सुई अजून मूळच्या कामावर आहे.

प्रश्न : आम्ही गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. सप्टेंबरात घराजवळच्या ओकच्या पानांच्या पाठीवर शर्टाच्या बटणांसारख्या तपकिरी चकत्या चिकटलेल्या दिसतात. मे महिन्यात मात्र त्याच झाडाच्या तुऱ्यांवर लाल मण्यांसारखे काही दिसते. हे दोन वेगळे कीटक असावेत का? (मराठी वाचक, बर्मिंगहॅम)

उत्तर : शास्त्रज्ञांनाही ते दोन वेगळे वाटत होते. इतके, की त्यांना दोन वेगळ्या प्रजातींची नावे दिलेली होती. जर्मनीतील श्लेस्विग येथील हेर्मान आडलर या डॉक्टरने गाठी गोळा करून, त्यांतून निघालेल्या माश्यांना कुंडीतल्या ओकवर सोडून, त्या कुठे अंडी घालतात आणि त्यांतून पुढे कसली गाठ येते हे चिकाटीने पाहिले आणि १८८१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यातून असे निघाले की तुमची बटणे आणि तुमचे मणी ही आई आणि मुलगी यांची घरे आहेत. त्या जातीचे आजचे नाव न्यूरोटेरस क्वेर्कसबॅकारम आहे.

तिचे वर्ष असे जाते. शरद ऋतूत चकत्या पानावरून गळतात आणि गळलेल्या पाल्याखाली, ओलाव्यात, हिवाळा काढतात. वसंताच्या सुरुवातीला त्यांतून ज्या गाठमाश्या निघतात त्या सगळ्या माद्या असतात. नर नसतातच. त्या कोणाशीही समागम न करता अंडी घालतात आणि ती अंडी ओकच्या मिटलेल्या कळ्यांत ठेवतात. कळ्या उमलल्या, तुरे लोंबू लागले, की त्या तुऱ्यांवर आणि कोवळ्या पानांवर लाल मणी येतात. जूनच्या सुमारास त्या मण्यांतून नर आणि मादी दोन्ही निघतात, त्यांचे मीलन होते, आणि ही नवी मादी कळीकडे ढुंकूनही न पाहता कोवळ्या पानाच्या पाठीत अंडी घालते. त्यांतून पुन्हा चकत्या. नात आजीसारखी, मुलगी आईसारखी नाही.

याचे कारण पुन्हा अंड्याच्या जागेत आहे, असे मला वाटते. ओक वर्षातून थोडेच दिवस कोवळा असतो. मार्चात त्याच्याजवळ वाढू शकणारे असे जे आहे ते कळीत आहे, आणि जूनमध्ये ते पानात आहे. वर्षातून दोनदा अंडी घालायची, तर दोन्ही वेळा एकाच जागी घालून चालत नाही, आणि जागा बदलली की घराचा आकार बदलतो.

आपल्या परिसरात आणखी एक चमत्कार दिसू शकेल, तोही शोधावा. ओकच्या मुळांवर जमिनीखाली गाठी करणारी बायोरायझा पॅलिडा नावाची जात आहे. त्या गाठींतून ऐन थंडीत बिनपंखांच्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या माद्या निघतात आणि खोडावरून चालत थेट शेंड्याच्या कळ्यांपर्यंत चढतात. तिथे एकाच कळीत त्या अंड्यांमागून अंडी घालतात, आणि मे महिन्यात त्या कळीचे लहान सफरचंदाएवढे, मऊ, गुलाबी छटेचे फुगीर गोळे होतात. मायफळात एक खोली असते, या गोळ्यात मात्र चाळीतल्यासारख्या पुष्कळ खोल्या असतात. मण्यांतल्या माश्या पानाकडे जातात, तशा या गोळ्यांतून निघालेल्या माद्या पुन्हा जमिनीत उतरून मुळांत अंडी घालतात.

प्रश्न : पानमळ्यात वेलींना आधार म्हणून लावलेल्या पांगाऱ्याची पाने आणि देठ गाठाळून वेडेवाकडे झाले आहेत. हेही मायफळाच्या माशीचेच काम आहे का? फवारणी करूनही उपयोग झाला नाही. (शेतकरी, रायगड जिल्हा)

उत्तर : त्याच गणातली, पण वेगळ्या कुळातली माशी आहे. तिचे नाव क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी, आणि ती दीड मिलिमीटरच्या आसपास असते. सिंगापूर, मॉरिशस आणि रियुनियन येथील नमुन्यांवरून तिला २००४ मध्ये नाव मिळाले आणि २००५ मध्ये ती हवाई बेटांवर पोचली. दक्षिण भारतातही ती त्याच सुमारास दिसू लागली. ओकची माशी वर्षाच्या ठरावीक दिवसांची वाट पाहते, पण हिला पांगाऱ्याची कोवळी फूट मिळाली की पुरे. कोवळी पाने, देठ आणि शेंडे यांत ती अंडी घालते, आणि अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण वीस दिवसांत आटोपतो. त्यामुळे एक पिढी संपण्याआधी दुसरी सुरू झालेली असते. निलगिरीच्या रोपांवर देठांना आणि पानांच्या शिरांना गाठी आणणारी लेप्टोसिब इन्व्हेसा ही तिची नातलग मूळची ऑस्ट्रेलियाची असून, तीही याच काळात देशोदेशी पसरली.

फवारणी का लागू पडली नाही, हे वरच्या उत्तरांवरून लक्षात येईल. अळी बंद खोलीत आहे आणि औषध भिंतीवर पडते आहे. गाठाळलेले शेंडे माशी निघण्यापूर्वी कापून जाळून टाकणे किंवा खोल पुरणे हे त्रासाचे असले तरी उपयोगाचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा झाडाच्या फांद्या लागवडीसाठी कोणाला देऊ नयेत आणि कोणाकडून आणू नयेत. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या फांदीतही नुकतीच घातलेली अंडी असू शकतात. याचे मोठे उदाहरण चेस्टनटच्या गाठमाशीचे आहे. मूळची चीनमधली ही माशी उन्हाळ्यात पुढील वर्षाच्या कळ्यांत अंडी घालते, अळ्या बाहेर येतात, पण कळीत निपचित पडून राहतात, आणि वसंतात कळी फुटेपर्यंत बाहेरून काहीही कळत नाही. असल्या कळ्यांसह कलमे आणि रोपे एका देशातून दुसऱ्या देशात गेली. १९४१ मध्ये जपानात, १९७४ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात आणि २००२ मध्ये इटलीच्या पिएमोंते भागात ती आढळली. तिच्यात नर नाहीत, म्हणून एखादीच मादी पोचली तरी वस्ती होऊ शकते.

उपाय सापडला तो दुसऱ्या सुईतून. टोरिमस सायनेन्सिस ही चीनमधलीच एक परजीवी माशी आपली लांब सुई ताज्या गाठीतून आरपार घालून आतल्या अळीवर अंडे ठेवते, आणि तिची अळी घरमालकिणीला खाऊन टाकते. जपानात १९८२ मध्ये आणि इटलीत २००५ मध्ये ती सोडण्यात आली आणि चेस्टनटच्या बागा सावरल्या. पांगाऱ्यासाठीही हाच मार्ग घेतला गेला. टांझानियातून आणलेली युरिटोमा एरिथ्रिनी ही माशी हवाईत २००८ मध्ये सोडण्यात आली आणि तेथील स्थानिक पांगारे त्यानंतर बऱ्याच अंशी तगले. आपल्या झाडांवरील काही गाठी पातळ कापडाने तोंड बांधलेल्या बरणीत ठेवून पाहाव्यात. एकाच प्रकारच्या माश्या निघतात की दोन, हे पाहून कृषी विज्ञान केंद्रात दाखविल्यास मार्गदर्शन अधिक नेमके मिळेल.

प्रश्न : पिकलेले उंबर फोडले की आत बारीक किडे असतात. तेही गाठमाश्यांसारखे अंड्यातून आत आले असतील काय? की उंबर बाहेरून किडते? (नृसिंहवाडी)

उत्तर : क्वचितच येणाऱ्या पाहुण्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, कारण ते फूल आपल्याला दिसत नाही. ते पाहणारी एक माशी मात्र आहे. उंबर हे एक फळ नसून शेकडो बारीक फुले आत वळवून मिटलेली एक कुपी आहे. तिच्या शेंड्याला खवल्यांनी झाकलेले अरुंद तोंड असते. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची माशी अंगावर दुसऱ्या उंबरातले पराग घेऊन त्या तोंडातून आत घुसते. वाट एवढी चिंचोळी असते की तिचे पंख तिथेच तुटतात, आणि ती पुन्हा बाहेर येत नाही. आत काही फुलांची कुक्षिवृंते, म्हणजे अंडाशयावरचे बारीक दांडे, आखूड असतात आणि काहींची लांब. माशी वृंतातून सुई खाली घालून अंडाशयापर्यंत पोचते. जिथे सुई पुरते तिथे अंडे पडते आणि त्या फुलाची गाठ होते. जिथे पुरत नाही तिथे परागण होऊन बी धरते. येथे अंड्याबरोबर आईने सोडलेला द्रवही गाठ सुरू करतो, म्हणजे बीडच्या वाचकांच्या शिक्षकांना आणखी एक साक्षीदार मिळाला.

उंबर पिकू लागते तेव्हा आधी बिनपंखांचे नर निघतात, गाठींना छिद्रे पाडून आतल्या माद्यांशी मीलन करतात आणि मग सगळे मिळून उंबराच्या भिंतीत बोगदा खणतात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून उडून जातात, नर मात्र जन्मले तिथेच मरतात. आपल्याला उंबर फोडल्यावर दिसतात ते उडून जाण्याच्या तयारीत असलेले किंवा मागे राहिलेले हे कीटक. त्यांच्यात बोगद्यातून नंतर शिरलेल्या मुंग्याही असतात, त्यांना उंबराचे मूळ रहिवासी समजू नये.

याशिवाय एक तिसरा वर्ग आहे, आणि नृसिंहवाडीत उंबरांची वाण नसल्याने तो आपणांस सहज पाहता येईल. झाडाखाली बसून खोडाला लगडलेल्या हिरव्या, न पिकलेल्या उंबरांकडे काही वेळ टक लावून पाहावे. शेपटीसारखा लांब केस मागे घेऊन फिरणाऱ्या माश्या दिसतील. त्या तोंडातून आत जात नाहीत. बाहेरच उभ्या राहून पोट उंच करतात, तो केस सरळ खाली रोखतात आणि उंबराची जाड साल भेदून आतल्या फुलांत किंवा आत आधीच वाढत असलेल्या अळीजवळ अंडे ठेवतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा एका परजीवी माशीच्या सुईचे टोक तपासले, तेव्हा त्यावर दाते आढळले आणि त्या टोकाशी जस्त साठलेले आढळले. तोंडातून आत जाऊन मऊ फुलांत अंडी घालणाऱ्या माशीच्या सुईला हे जस्त नव्हते.